सॅन डिएगो कॉमिक-कॉन हे अमेरिकेतलं कॉमिक्सप्रेमींचं संमेलन सुरू करणारे शेल डॉर्फ कोण होते? त्याआधी कॉमिक्सचे चाहते एकमेकांना कसे सापडायचे?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळं त्यावरच उभं आहे. १९६१ मध्ये डीसी कॉमिक्सचे संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ अंकांत वाचकांच्या पत्रांखाली पूर्ण पत्ते छापू लागले आणि चाहत्यांची थेट गाठ पडली. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या जेरी बेल्स यांनी ‘ऑल्टर इगो’ हे चाहत्यांचं हौशी नियतकालिक काढलं, स्पिरिट डुप्लिकेटर या प्रती काढायच्या साध्या यंत्रावर. मूळ प्रतीवरची जांभळी शाई प्रत्येक छपाईत थोडी उतरते, म्हणून शेवटच्या प्रती फिक्या. हा रंग उजेडात उडतो. असा जुना अंक हाती आला तर अंधारातच ठेवा.

डॉर्फही (१९३३–२००९) डेट्रॉइटचेच. तिथल्या ‘ट्रिपल फॅन फेअर’ या चाहत्यांच्या संमेलनाचा अनुभव घेऊन ते सॅन डिएगोला आले आणि रिचर्ड अल्फ, केन क्रूगर वगैरे चाहत्यांना जोडून घेतलं. कॉमिक्स गोळा करणारी शाळकरी पोरंही त्यांत होती. थेट मोठा घाट न घालता त्यांनी २१ मार्च १९७० ला यू. एस. ग्रँट हॉटेलात एक दिवसाचं छोटं संमेलन घेतलं, पुढच्यासाठी पैसे उभे राहावेत म्हणून. ऑगस्टमधल्या तीन दिवसांच्या मुख्य संमेलनाला सुमारे ३०० जण आले. पाहुण्यांत कॉमिक्स चित्रकार जॅक कर्बी आणि विज्ञानकथालेखक रे ब्रॅडबरी! डॉर्फ पुढे ‘स्टीव्ह कॅनियन’ या वर्तमानपत्री चित्रपट्टीतल्या संवादांची अक्षरंही हाताने काढायचे.