त्या नऊ माश्या मोजायच्या की नाही?

तुमची अडचण मला समजली ती अशी. फळमाशीच्या (ड्रोसोफिला) दुसऱ्या गुणसूत्रावर एक अप्रभावी घातक म्युटेशन आहे, स्टॉक सायओ बॅलन्सरवर ठेवलाय, म्हणजे जोडीचं दुसरं गुणसूत्र पंख वाकडे करणारं आणि म्युटेशन टिकवून ठेवणारं. म्युटेशन नेमकं कुठे आहे ते शोधायला त्यातल्या माद्या घेऊन तीन डेफिशियन्सींशी (गुणसूत्राचा एकेक तुकडा गायब असलेल्या, सायओवरच ठेवलेल्या माश्यांशी) क्रॉस लावले. 'क' (गायब तुकडा ३४डी ते ३५बी; हे गुणसूत्राच्या नकाशावरचे पत्ते) आणि 'ख' (३५ए ते ३५ई) मध्ये झाडून सगळ्या माश्या वाकड्या पंखांच्या निघाल्या. 'ग' (३५बी ते ३६ए) मध्ये मात्र ३१२ पैकी ९ सरळ पंखांच्या. सरळ पंखांची माशी म्हणजे म्युटेशन आणि डेफिशियन्सी एकत्र येऊनही जगलेली; अशी एकही नसेल तर जीन त्या गायब तुकड्यात. आता 'ग'चा अर्थ काय लावायचा?

सायओ दोन्हीकडून आला की माशी मरते, म्हणून जगलेल्यांत सरळ पंखांच्या एक तृतीयांश हव्यात, एक चतुर्थांश नव्हे. ३१२ मध्ये साधारण १०४. तेव्हा ९ म्हणजे धड होकार नाही की नकार नाही. बरेच जण इथे वहीत 'अर्धवट घातक' लिहून मोकळे होतात. मला आधी आयांचा संशय येतो.

तुमची मादी व्हर्जिन (अजून नराशी न लागलेली) नसेल तर ती स्वतःच्याच बाटलीतल्या नराशी आधी लागलेली असणार. त्या जोडीची पिल्लं एकतर मरतात, नाहीतर वाकड्या पंखांची होतात. सरळ पंखांचं एकही नाही. म्हणजे निष्काळजीपणाने धरलेल्या माद्या हुबेहूब 'जीन या तुकड्यातच आहे' असं उत्तर देतात! 'क' आणि 'ख'मधली शून्यंही मी म्हणूनच लगेच मान्य करणार नाही. २५ अंशांवर कोषातून बाहेर आल्यापासून आठ तासांच्या आत मादी वेगळी व्हायला हवी. मी स्वतः एकदा दुपारचं जेवण लांबवून आख्खा महिना घालवलाय.

दुसरा संशय थंडीचा. सायओचे वाकडे (कर्ली) पंख १९ अंशांच्या आसपास सपाट दिसू लागतात. हिवाळ्यात व्हायल टेबलावर राहिल्या असतील तर तुमच्या नऊपैकी काही मुळात सायओवाल्याच असू शकतात. आणि त्या नऊ खरोखरच उशिरा निघालेल्या, बारक्या, मरगळलेल्या असतील, तर मग 'अर्धवट घातक' म्हणा. तेव्हा 'ग'चं टोक जीनच्या नियंत्रक भागाला लागत असेल, असाही विचार करता येईल.

'ग'वर इतका वेळ घालवायचं कारण उघड आहे. 'क' आणि 'ख' खरे धरले तर जीन ३५ए-३५बी मध्ये आहे. 'ग'ने उणीव भरून काढली (सरळ पंखांच्या माश्या पुरेशा निघाल्या) तर तो 'ग'च्या डाव्या टोकाच्या अलीकडे; नाही काढली तर तिघांच्या सामाईक तुकड्यात.

ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. कॅल्विन ब्रिजेसने १९१७ मध्ये डेफिशियन्सीचं वर्णन केलं. मादीच्या एका एक्स गुणसूत्रावर पांढऱ्या डोळ्यांचा अ‍ॅलील (जीनचं एक रूप) आणि दुसऱ्या एक्सवर तोच भाग गायब असेल, तर झाकायला कुणी उरत नाही, आणि अप्रभावी गुण डोळ्यांत दिसतो. पेंटरने १९३३ मध्ये लाळग्रंथींतली जाडजूड गुणसूत्रं पुढे आणली, १९३५ मध्ये ब्रिजेसने त्यांचे १०२ विभाग पाडले. तुमचं '३५बी' त्याच नकाशातलं. हेलेना स्लिझिन्स्काने १९३८ मध्ये पांढरा डोळा आणि नॉच (पंखांना खाच पाडणारा जीन) या भागातल्या अनेक डेफिशियन्सी शेजारी ठेवून गुणसूत्रावरचा कोणता पट्टा कुठे हरवतो ते पाहिलं. नॉचचा पत्ता ३सी७.

पण त्या जुन्या, क्ष-किरणांनी पाडलेल्या डेफिशियन्सींची टोकं माणसाने डोळ्यांनी वाचलेली आहेत. एखाद-दोन पट्टे इकडे-तिकडे होतात, शिवाय त्याच गुणसूत्रावर दुसरीकडेही किरणांचा मार बसलेला असू शकतो. 'ख' तसली असेल तर ब्लूमिंग्टनच्या माश्यांच्या स्टॉक सेंटरमधून एफएलपी-एफआरटीने (ठरलेल्या जागीच डीएनए कापणाऱ्या एन्झाइमच्या पद्धतीने) कापलेली नवी मागवा. तिची टोकं डीएनएच्या एकेका बेसपर्यंत (अक्षरापर्यंत) ठाऊक असतात.

तोवर 'ग' पुन्हा लावा. या वेळी 'ग'चे नर प्रौढ माशीतही चमकणाऱ्या जीएफपी-सायओवर (हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेल्या सायओवर) घ्या, माद्या तुमच्याच, व्हायल २५ अंशांवरच. दहा-बारा दिवसांनी वाकड्या पंखांच्या माश्यांपैकी निम्म्या चमकायला हव्यात. कमी चमकल्या तर माद्या व्हर्जिन नव्हत्या. आकडे इथेच टाका, मग पुढचं बोलू.