जुनी बस किती पळते, किती पिते

मागच्या अंकात कोल्हापूरच्या कावळा नाक्याजवळ उभ्या असलेल्या एका जुन्या बसचा फोटो छापून आला आणि पत्रांचा ढीगच लागला. माझी हयात उद्यमनगरात इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप आणि ते डिझेल फवारणारे नोझल यांच्या कामात गेली, त्यामुळे संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडे पाठवला. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही. चार पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : आम्ही चुलतभावांनी मिळून एका साखर कारखान्याच्या लिलावातून टाटा 1210 ची जुनी बस घेतली. इंजिन 692 आहे, इंजिनकाम नुकतंच झालंय. चैत्रात सगळं घर घेऊन जोतिबाला आणि पुढं पुण्याला जायचा बेत आहे. पण गाडी 75 च्या वर जात नाही आणि अ‍ॅव्हरेज साडेचार पडतंय. एक मिस्त्री म्हणतात, पंपाचं सील तोडून देतो, शंभरनं पळंल. काय करावं? — एक वाचक, कागल

उत्तर : सील तोडू देऊ नका, पंपाची वेगमर्यादा कुणी बदलू नये म्हणूनच ते मारलेलं असतं. आणि मिस्त्रींनी आधीच हात घातला असेल तर जोतिबाला निघण्याआधी पंप बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर, चढवून पूर्ववत करून घ्या.

तुमची गाडी 75 ला अडते, म्हणजे ती ठणठणीत आहे. जुन्या डिझेल बसचा टॉप स्पीड दोन गोष्टी ठरवतात, पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या मर्यादेत ठेवणारा भाग, आणि मागच्या हौसिंगमधला क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांना फिरवणारी दातेरी चक्रांची जोडी. बाकी सगळं त्यांच्या मागून येतं. हा हिशेब तुम्ही घरच्या अंगणात करू शकता. टायरवर आणि जमिनीवर खडूनं रेघ मारा, गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि टेपनं अंतर मोजा. 9.00-20 चा टायर असेल तर साधारण 3.1 मीटर भरेल. 692 इंजिनाची मर्यादा मिनिटाला 2800 फेऱ्यांची. तुमच्या हौसिंगमध्ये 6-41 चा क्राउन-पिनियन (पिनियनला 6 दात, क्राउनला 41) असेल, तर गिअरबॉक्समधून मागं जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या 6.83 फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडतो. टॉप गिअर डायरेक्ट असतो, इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात, म्हणून 2800 ला सरळ 6.83 नं भागा. चाकाच्या मिनिटाला 410 फेऱ्या, म्हणजे ताशी 76 किलोमीटर. तुमचा काटा नेमकं हेच सांगतोय.

आता शंभरचं बघू. त्याच क्राउनवर शंभर गाठायचं तर इंजिन 3600 च्याही वर फिरवावं लागेल. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा झटक्याचा भार फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. इथं तो पावणेदोन पटीच्या जवळ जातो. रॉडचे बोल्ट, बेअरिंग, व्हॉल्व्ह स्प्रिंग यातलं काहीही त्या भारासाठी केलेलं नाही. घरची माणसं मागं बसलेली असताना रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला तर काय होईल, हे मला लिहायलाही नको वाटतं. आणि एवढं करूनही शंभर होणार नाही ते नाहीच. सपाट तोंडाच्या बसला त्या वेगात वारा कापायलाच इतकी ताकद लागते, की 1210 मधल्या शेवटच्या 10 नं सांगितलेली शंभरेक अश्वशक्ती तिथं पुरत नाही. जास्तीचं डिझेल काळा धूर होऊन मागं पडेल, एवढंच.

क्राउन बदलून 7-43 चा घातला तर हिशेबानं गाडी 84-85 पर्यंत जाईल. पण मग जोतिबाच्या चढाला एक गिअर खाली यावं लागेल, आणि भरलेली गाडी चढावर उठवताना क्लच रडेल. तुमच्या कामाला आहे तोच क्राउन योग्य आहे.

अ‍ॅव्हरेजकडे वळतो, कारण तिथं तुम्हाला खरंच काही मिळवता येईल. अशी गाडी हायवेवर, माणसं बेताची आणि वेग 55 च्या आसपास असेल तर लिटरला पाच-साडेपाच देते असं मी पाहत आलोय. गावोगावी थांबे घेत गेली तर चार-साडेचार. एसटीत हेच दहा लिटरमागे किती किलोमीटर असं मोजतात आणि त्याला केपीटीएल म्हणतात. त्या भाषेत तुमची गाडी 45 देते. तिच्याकडून 50 च्या पुढं काढता येईल. पहिला उपाय फुकटचा आहे, पाय हलका ठेवा. 55 वरून 76 वर गेलात की वाऱ्याचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो.

दुसरा उपाय नोझलचा. इंजिनकाम झालंय म्हणता, पण नोझल तपासले का ते लिहिलेलं नाही. बरेच जण लायनर-पिस्टनवर हजारो रुपये घालतात आणि नोझल पुसून परत बसवतात. नोझल टेस्टरला लावून दांडा हळू दाबला की चांगला नोझल चर्र चर्र बोलतो, सगळ्या भोकांतून सारख्या लांबीचं धुकं सुटतं आणि दांडा सोडल्यावर टोक कोरडं राहतं. खराब नोझल मुका असतो. एका भोकातून पिचकारी उडते, दुसऱ्यातून काहीच येत नाही, आणि टोकाला थेंब लटकतो. तो थेंब सिलिंडरमध्ये नीट जळत नाही. पिस्टनच्या डोक्यावर काजळी साचते, डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि नवं इंजिनकाम वर्षभरात जुनं होतं. मग पंप. बेंचवर सहा काचेच्या नळ्या शेजारी शेजारी लावलेल्या असतात आणि पंपाच्या प्रत्येक एलिमेंटचं, म्हणजे एकेका सिलिंडरला डिझेल ढकलणाऱ्या भागाचं, डिझेल आपापल्या नळीत पडतं. सहाही नळ्यांत पातळी एका रेषेत आली पाहिजे. एक नळी जरी उंच दिसली, तरी ते सिलिंडर बाकीच्यांपेक्षा जास्त पितं आणि धूरही तेच देतं. हे काम समोर उभं राहून करून घ्या आणि झाल्यावर सील मारून मागा.

बाकी नेहमीचंच. टायरची हवा, हवा गाळणाऱ्या ऑइल बाथ फिल्टरचं ऑइल, पंपाचं टायमिंग. आणि थोडं चालवून थांबल्यावर चारही ब्रेक ड्रमजवळ हात नेऊन बघा. एखादा ड्रम जास्त तापला असेल तर ब्रेकचा लायनर घासतोय, आणि तुम्ही ब्रेक लावूनच गाडी चालवताय.

प्रश्न : माझ्या भाच्यानं अमेरिकेत 1950 च्या दशकातली जीएमची (जनरल मोटर्सची) कोच घेऊन तिचं फिरतं घर केलं आहे. तो म्हणतो, ती ताशी 65-70 मैल जाते आणि गॅलनला 9 मैल देते. त्याच काळातल्या आपल्या बस इतक्या मागे का होत्या? — निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : मॅडम, आधी आकडे एका मापात आणू. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा. त्यामुळे 9 मैल म्हणजे लिटरला 3.8 किलोमीटर. कागलच्या मंडळींची साडेचारची तक्रार यापेक्षा बरी आहे! ब्रिटिश गॅलन मात्र 4.546 लिटरचा, म्हणून इंग्रजी आणि अमेरिकन आकडे कधीही शेजारी मांडून तुलना करू नये.

भाच्याकडची गाडी बहुधा पीडी-4104 असावी. 1953 ते 1960 या काळात ती बनली आणि ग्रेहाउंड या बस कंपनीनं ती भरपूर वापरली. तिच्या मागच्या बाजूला आडवं बसवलेलं 6-71 इंजिन असतं. सहा सिलिंडर, प्रत्येक 71 घनइंचांचा, एकूण सुमारे सात लिटर. हे टू-स्ट्रोक डिझेल आहे. प्रत्येक फेरीला प्रत्येक सिलिंडर ताकद देतो, पण हवा आत ढकलायला ब्लोअर लागतो आणि तो ब्लोअर इंजिनाचीच ताकद खातो. माझ्यासारख्या पंपवाल्याला त्यातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते ती ही, की त्याला वेगळा इंजेक्शन पंपच नाही. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक युनिट इंजेक्टर, दाब तिथंच तयार होतो आणि फवारा तिथंच सुटतो.

वेगाचं कारण मात्र तेच, कागलच्या उत्तरातलं. त्या इंजिनाचा गव्हर्नर 2100 फेऱ्यांना धरतो, म्हणजे ते आपल्या 692 पेक्षा सावकाश फिरतं. पण मागचा क्राउन लांब पल्ल्याचा आहे, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक जास्त फिरतं, आणि अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा वजनाला हलका. रुंद, सरळ, थांबे नसलेल्या रस्त्यांसाठी ती गाडी घडवली गेली. आपली बस दर गावच्या फाट्यावर थांबायची, एकेरी डांबरी रस्त्यावर समोरून बैलगाडी आली की अर्धी चाकं मातीत घालायची आणि शेवटी घाट चढायची. तिला आखूड क्राउन, म्हणजे वेग कमी पण ओढ जास्त देणारा, दिला तो विचार करूनच. मागे हा शब्द मला त्या बसबद्दल मान्य नाही.

वेगाचाच हौशी किस्सा हवा असेल तर इंग्लंडचा घ्या. 2 नोव्हेंबर 1959 ला एम-1 हा मोटरवे खुला झाला आणि त्याच दिवशी मिडलंड रेड कंपनीनं बर्मिंगहॅम-लंडन कोच सुरू केली. सीएम-5 नावाची ती गाडी कंपनीनं स्वतःच्याच कारखान्यात बांधली होती. आठ लिटरचं डिझेल इंजिन, त्याला हवा दाबून भरणारा टर्बो, पाच गिअर. ती ताशी 80 मैलांच्या वर पळायची, म्हणजे जवळपास 130 किलोमीटर! ती तिथं पळाली, कारण तिच्यासाठी रस्ता तसा झाला, आणि इंजिन, क्राउन, ब्रेक सगळं त्या वेगासाठी ठरवून केलं होतं. नुसतं सील तोडून ते झालं नाही.

प्रश्न : वडील खासगी बस चालवतात. गगनबावड्यातून करूळ घाटानं वैभववाडीला उतरताना न्यूट्रल करतात. डिझेल वाचतं म्हणतात. मला भीती वाटते. खरंच वाचतं का? — एक मुलगी, गगनबावडा

उत्तर : ताई, तुमची भीती रास्त आहे. हे उत्तर वडिलांना वाचून दाखवा. तेही माझ्यासारखेच गाड्यांत आयुष्य काढलेले आहेत, म्हणून त्यांच्याशी थेट बोलतो.

दादा, गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडता, तेव्हा चाकं इंजिनाला फिरवत असतात. फेऱ्या आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू राहतं त्या फेऱ्यांच्या, वर असतात, म्हणून गव्हर्नर डिझेल कमी-जास्त करणारी रॅक पूर्ण मागं ओढतो आणि नोझलमधून डिझेल येणंच बंद होतं. मी हे बेंचवर रोज बघतो, नळ्यांत एक थेंब पडत नाही. न्यूट्रल केलंत की इंजिन आयडलवर येतं आणि ते चालू राहावं म्हणून गव्हर्नर परत डिझेल सोडतो. म्हणजे घाटात न्यूट्रलमध्ये तुम्ही डिझेल जाळता आणि गिअरमध्ये जाळत नाही. सपाटीला लागून असलेल्या लांब, सौम्य उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये जास्त घरंगळते आणि थोडं वाचतं, हे मी नाकारत नाही. करूळ तसा नाही. तिथं वळणावळणाला ब्रेक मारावाच लागतो.

आणि तो ब्रेक एकट्यानं किती सोसणार? ड्रम तापतो, फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पायाखाली पेडल असूनही गाडी थांबत नाही. एअर ब्रेकची गाडी असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. आयडलला तो सावकाश भरतो आणि नेमकी तेव्हाच तुम्ही टाकीतली हवा सगळ्यात जास्त वापरत असता. काही जण तर इंजिनच बंद करतात, म्हणजे हवा भरणंच थांबलं. जो चढ तुम्ही दुसऱ्या गिअरवर चढता, तो उतरताही दुसऱ्यावरच. गिअर घाटाच्या तोंडाशीच घाला, कारण वेग वाढल्यावर जुन्या गिअरबॉक्समध्ये तो बसत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्येच अडकते.

दादा, तुमची मुलगी घरी घड्याळाकडे बघत बसते, हे तिच्या पत्रातून मला दिसतं. एवढं ऐका.

प्रश्न : आजोबा म्हणायचे, सुरुवातीच्या टाटा-मर्सिडीज गाड्या आताच्यापेक्षा जास्त अ‍ॅव्हरेज द्यायच्या. खरं असेल का? आणि अ‍ॅव्हरेज नक्की मोजायचं कसं? — एक विद्यार्थी, कसबा बावडा

उत्तर : आजोबांचा आकडा खरा असू शकतो, पण श्रेय इंजिनाचं नाही. पुढं टाटा मोटर्स झालेल्या टेल्कोनं 1954 मध्ये मर्सिडीज बनवणाऱ्या डेमलर-बेंझशी करार केला आणि तो 1969 पर्यंत चालला. त्या पहिल्या गाड्यांतलं 312 इंजिन प्री-चेंबरचं होतं. डिझेल आधी छोट्या खोलीत पेटायचं आणि तिथून मुख्य सिलिंडरमध्ये यायचं. आवाज मऊ, पण खोलीच्या भिंतींतून उष्णता वाया जायची आणि थंडीत हीटर प्लग तापवल्याशिवाय इंजिन उठायचं नाही. 692 मध्ये डिझेल थेट पिस्टनवरच्या खळग्यात फवारतात, म्हणून तेवढ्याच कामाला ते कमी पितं. पण आजोबांच्या काळात गाड्या हलक्या होत्या आणि सावकाश चालायच्या, त्यामुळे लिटरमागचे किलोमीटर चांगले पडत असणार.

मोजायचं असं. सपाट जागेवर टाकी गळ्यापर्यंत भरा, फेस बसू द्या, परत भरा. निदान दोनशे किलोमीटर चालवा. त्याच पंपावर, गाडी त्याच जागी उभी करून पुन्हा तेवढीच भरा. जेवढं डिझेल मावलं त्यानं किलोमीटरला भागा. टायरचा साइज किंवा क्राउन बदललेला असेल तर मीटरवर विसंबू नका. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी तो आधी ताडून घ्या.