ओम्नी गॅसवर चालवली तर इंजिन जातं का?

प्रश्न: माझी २०१२ ची पेट्रोल ओम्नी आहे. किराणा मालासाठी निपाणीहून संकेश्वर, बेळगाव अशी सारखी ये-जा असते. गॅस (एलपीजी) किट बसवायचं ठरवलंय, पण मामा म्हणतात, ‘गॅस कोरडा असतो, इंजिन खातो. वर्षात बोअर करावं लागेल.’ हे खरं आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर: मामांची काळजी बरोबर आहे, पण त्यांनी दाखवलेली जागा चुकीची आहे. बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी), पिस्टन, रिंगा यांना गॅसचा त्रास नाही. उलट थंड इंजिनात जादा पेट्रोल गेलं की ते बोअरवरचं ऑइल धुऊन नेतं, गॅसनं तसं होत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या गॅरेजात गॅसवरच्या गाड्यांची हेडं (इंजिनाचे वरचे भाग) उतरतात, तेव्हा खाली बोअर ठीक असतं आणि वर एक्झॉस्टचे, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारे, वॉल्व सीटमध्ये (वॉल्व ज्यावर बसतो त्या कड्यात) खोल गेलेले असतात.

इंजिन ३००० आरपीएमवर असताना प्रत्येक वॉल्व सेकंदाला २५ वेळा सीटवर आपटतो. पेट्रोल थेंबांच्या रूपात आत जातं, वाफ होताना उष्णता शोषतं आणि जळाल्यावर सीटवर बारीक थर सोडतं. गॅस किटमधूनच वाफ होऊन येतो, त्यामुळं तो गारवाही नाही आणि थरही नाही. तापलेलं लोखंड लोखंडाला चिकटतं, सुटताना कण ओढून नेतं आणि सीट खचत जाते. २००० सालापर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते सीटला सांभाळायचं. ते बंद झालं तशा कंपन्यांनी कडक सीटा घातल्या. तुमच्या गाडीत त्या असणार, पण हेडचं काम आधी झालंय का, ते, गाडी जुनी घेतली असेल तर, मागच्या मालकाला जरूर विचारा. कुणी साध्या बीडाच्या सीटा ठोकल्या असतील, तर गॅसवर त्या टिकायच्या नाहीत. किट बसवण्याआधी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घ्या.

आता लक्ष देऊन वाचा. सीट खचली की वॉल्व वर सरकतो आणि टॅपेटची गॅप, म्हणजे वॉल्व आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यातली फट, कमी होते. त्यामुळं टॅपेटचा आवाज वाढत नाही, उलट बंद होतो! गिऱ्हाईक सांगतं, ‘गॅसवर गाडी किती शांत चालते.’ मी गाडीतली पुढची बसायची सीट उचलून, इंजिनचं कव्हर काढून, थंड इंजिनवर फिलर गेजची (फट मोजायची) पाती घालतो, तर एक्झॉस्टला ती शिरतच नाही. म्हणजे वॉल्व पूर्ण बसत नाही, जळका वायू फटीतून निसटतो आणि वॉल्वची कड जळते. मग सकाळी गाडी लवकर लागत नाही, आयडलिंगला मिसिंग मारते. हेड उतरवण्याचा खर्च तिथून सुरू होतो. ओम्नीचे टॅपेट स्क्रूचे आहेत, सेटिंग सोपं आहे. दर १०,००० किलोमीटरला गॅप बघायला लावा, कुणी ‘गरज नाही’ म्हटलं तरी.

दुसरा शत्रू म्हणजे लीन सेटिंग. ॲव्हरेज जास्त दिसावं म्हणून काही फिटर गॅस कमी करून देतात. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही. माल भरून तवंदी घाट किंवा वंटमुरी घाट चढताना मात्र हेड भयंकर तापतं. लिटरमागं गॅसवर गाडी पेट्रोलपेक्षा कमीच धावणार, हे धरूनच हिशेब करा. घाटाच्या पायथ्याला स्विच पेट्रोलवर टाका. एवढ्या एका सवयीनं वॉल्व पुष्कळ जगतात.

ऑइल गॅसवर काळं पडत नाही, म्हणून ते चांगलं आहे असं समजू नका. उष्णतेनं ते घट्ट होतं, ठरल्या किलोमीटरला बदलाच. आणि किट मान्यताप्राप्तच घ्या, चिकोडी आरटीओत आरसीवर नोंद करा, विमा कंपनीलाही कळवा. घरगुती सिलिंडर गाडीत लावणं बेकायदा आहे आणि जिवावरचं आहे. तसलं काम घेऊन आमच्याकडे कुणी येऊ नये.

प्रश्न: गॅस असताना पेट्रोलची टाकी रिकामी ठेवली तर चालेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर: नाही. टाकीतला पंप पेट्रोलमुळंच गार राहतो, कोरडा फिरला तर जळतो. शिवाय गाडी पेट्रोलवर चालू करून कूलंट गरम झाल्यावरच गॅसवर घ्यायची असते, नाहीतर थंडीत व्हेपोरायझर (किटमधला गॅसची वाफ करणारा भाग) गोठतो. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा. ते जुनं होऊ देऊ नका, दर आठवड्याला थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजेक्टरही चोंदणार नाहीत.