'वेंडेड' ही छपाईची चूक आहे का?

प्रश्न असा आहे: एका जुन्या इंग्रजी कादंबरीत 'दे वेंडेड देअर वे होम' असं वाक्य आलं. इथे 'वेंट' हवं होतं आणि छापताना गडबड झाली, की 'वेंडेड' असा शब्दच आहे?

शब्दच आहे. मूळ क्रियापद 'वेंड'. उलट 'गो'च्या घरात उपरा आहे तो 'वेंट'! सेंड-सेंट, बेंड-बेंट, लेंड-लेंट, तसंच वेंड-वेंट. 'गो'चा भूतकाळ प्राचीन इंग्रजीत 'एओडे' असा भलताच होता. पुढे तो मागे पडत गेला आणि 1500 च्या सुमारास 'गो'ने शेजारच्या 'वेंड'चा भूतकाळ कायमचा उचलला. (स्कॉट लोकांनी मात्र 'गो'च्या आपल्या 'गे' या रूपापासून सरळ 'गेड' केलं.) हातचं रूप गेल्यावर 'वेंड'ला 'एड' जोडलेल्या 'वेंडेड'वर भागवावं लागलं.

आपल्याकडेही हेच झालंय. 'जातो' हे संस्कृत 'याति'वरून आलं आणि 'गेला' हे 'गत'वरून. 'जाला' कुणी म्हणत नाही, आणि त्यात काही खटकतही नाही.

'वेंड'चा मूळ अर्थ वळणे किंवा वळवणे. 'वळसे घेणे' या अर्थाचं 'वाइंड' त्याच्याच कुळातलं. वळण्यावरून जाण्याचा अर्थ कसा आला, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको; 'पावलं घराकडे वळली' असं आपण म्हणतोच. 14व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी कवी चॉसरने कँटरबरी या तीर्थक्षेत्राला निघालेल्या यात्रेकरूंसाठी हेच क्रियापद वापरलं, तेव्हा ते रोजच्या बोलण्यातलं होतं. आज ते जवळपास एकाच साच्यात उरलंय: 'वेंड' आणि पुढे 'माय वे', 'हिज वे', 'इट्स वे', जसा कर्ता तसं सर्वनाम. 'आय वेंडेड टु ऑफिस' लिहिलंत तर समोरचा दोनदा वाचेल.

चालही सांभाळायला हवी. वेंड म्हणजे सावकाश, वळणावळणाने जाणं. मिरवणूक गल्लीबोळांतून जाईल, नदी दरीतून जाईल, जत्रेहून परतणारी मंडळी जातील, रुग्णवाहिका नाही. तुमच्या वाक्याचं मराठी मी 'रमतगमत घराची वाट धरली' असं करेन. पण मागचापुढचा मजकूर बघा. माणसं दमलेली असतील तर 'रमतगमत' चालणार नाही, तिथे 'हळूहळू घराकडे वळली' बरं.

एक खाचखळगा: 'वाउंड देअर वे' असंही वाचायला मिळेल. तो 'वाइंड'चा भूतकाळ, अर्थ जवळपास तोच. स्पेलिंग मात्र जखमेच्या 'वूंड'चंच आहे, त्यामुळे मोठ्याने वाचताना हमखास फसगत होते.