मैदानाचे प्रश्न : सर गेले, त्यांच्यासाठी काय करावं?

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे. गावाला खेळाची गोडी लावणारे क्रीडाशिक्षक गेले, माजी विद्यार्थी एकत्र आले, थोडे पैसेही जमले, पण नेमकं काय करायचं ते ठरत नाही. म्हणून हा अंक त्याच पत्रांसाठी.

प्रश्न : आमचे सर दरवर्षी शाळेच्या मैदानावर स्वतः दोरी धरून धावपट्टी आखायचे. आता ती मापं कुणालाच ठाऊक नाहीत. काहीजण अर्धपुतळा बसवू म्हणतात, आम्हाला मात्र सरांच्या नावाची कायमची धावपट्टी हवी आहे. मैदान साधारण ९० बाय ५० मीटर, माती काळी. कसं करावं? (माजी विद्यार्थी, वाळवा तालुका, जि. सांगली)

धावपट्टीच करा. तुमच्या मैदानात २०० मीटरची चार लेनची धावपट्टी नेमकी बसते.

मैदानाच्या लांबीच्या मध्यरेषेवर एकमेकांपासून बरोबर ४० मीटरवर दोन खुंट्या ठोका. हे दोन्ही वळणांचे केंद्रबिंदू. दोन्ही खुंट्यांपाशी मध्यरेषेला काटकोन काढा. ६, ८ आणि १० मीटरचा त्रिकोण जुळला की काटकोन बरोबर आला. त्या आडव्या रेषेवर दोन्ही बाजूंना १८.९० मीटरवर खूण करा. अशा चार खुणा होतील. त्यांचे कर्ण मोजा, दोन्ही ५५.०३ मीटर भरायला हवेत. कर्णात फरक पडला तर पुढे जाऊ नका, काटकोन चुकला आहे. कर्ण जुळल्यावर खुंटीपासून १८.९० मीटरच्या त्रिज्येनं दोन्ही अर्धवर्तुळं काढा आणि लांब बाजू सरळ रेघांनी जोडा.

ही आतली रेघ मोजाल तर १९८.७५ मीटरच भरेल. ते बरोबर आहे. उंच कडा नसलेल्या पट्टीवर धावण्याचं अंतर आतल्या रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेरून मोजतात. तिथे ते २०० होतं. लेनची रुंदी १.२२ मीटर, रेघेची ५ सेंटिमीटर. चार लेन धरून बाहेरचं माप साधारण ८८ बाय ४८ मीटर होतं.

बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो तो नायलॉनच्या दोरीमुळे. ती ताणली की १८.९० ची त्रिज्या सहज १९.१० होते. हा २० सेंटिमीटरचा फरक प्रत्येक फेरीत १.२६ मीटर वाढवतो. १५०० मीटरच्या साडेसात फेऱ्यांत मुलगी साडेनऊ मीटर जास्त पळते. पाच मिनिटांत १५०० मीटर पळणाऱ्या मुलीचे त्यात जवळजवळ दोन सेकंद जातात, आणि ती उगाच समजते की आपण मागे पडलो. त्यासाठी पोलादी टेप वापरा, निदान न ताणणारी तार तरी.

२०० मीटरची एक फेरी लेनमध्येच पळवायची असेल तर सुरुवातीच्या रेघा पुढे सरकवाव्या लागतात : दुसऱ्या लेनला ७.६७, तिसऱ्या लेनला १५.३३ आणि चौथ्या लेनला २३ मीटर. हे माप त्या त्या लेनच्या आतल्या रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेरून, वळणाच्या अंगानं घ्यायचं. टेप वळणावर आडवी सरळ धरली तर माप चुकतं.

आता कायमचं काम. दोन केंद्रबिंदूंवर खुंट्यांऐवजी लोखंडी गज काँक्रीटमध्ये बसवा. गजाचं टोक जमिनीखाली दहा-पंधरा सेंटिमीटर राहू द्या, म्हणजे कुणाच्या पायाला लागणार नाही. शाळेच्या इमारतीच्या दोन कोपऱ्यांपासून प्रत्येक गजाचं अंतर मोजा आणि ते ऑफिसात, सरांच्या फोटोखाली लिहून लावा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तेवढ्या आकड्यांवरून दोन तासांत आखणी करता येईल. हे केलं नाही तर कितीही सुंदर पट्टी पहिल्या पावसाळ्यात पुसली जाते.

कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वर मुरमाचा दहा-पंधरा सेंटिमीटरचा थर द्या, पाणी मारून रोलर फिरवा, मोठे खडे वेचून काढा. उतार आतल्या बाजूला ठेवा, पण एक टक्क्यापेक्षा जास्त नको. म्हणजे चार लेनच्या रुंदीत साधारण पाच सेंटिमीटर. रेघांसाठी फक्की वापरा. कळीचा चुना अजिबात नको, तो डोळ्यांत गेला तर इजा होते. पाच रेघांची मिळून लांबी १,०७० मीटरच्या आसपास जाते, त्या हिशोबानं फक्की आणा.

१०० मीटरची सरळ शर्यत या मैदानात बसणार नाही. मागे ३ मीटर आणि शेवटच्या रेघेपुढे थांबायला १७ मीटर धरले तर १२० मीटर लागतात. जागा नसताना १०० मीटर पळवली की मुलं भिंतीच्या धाकानं शेवटच्या दहा मीटरमध्ये वेग कमी करतात, नाहीतर भिंतीवर आदळतात. तुमच्याकडे ६० मीटर ठेवा.

प्रश्न : सरांच्या वेळा लिहिलेल्या वह्या त्यांच्या घरच्यांनी आमच्याकडे दिल्या आहेत. काही पानांना कसर लागली आहे. त्या कशा जपाव्यात? त्यातल्या वेळा ‘शाळेचे विक्रम’ म्हणून फलकावर लावता येतील का? (शिक्षिका, कराड)

पानं लॅमिनेट करू नका आणि सेलोटेप लावू नका. टेप पिवळी पडते आणि शाईसकट कागद ओढून काढते. आधी वह्या सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेवा, मऊ कोरड्या ब्रशनं झटका. मग प्रत्येक पानाचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल पानाला समांतर धरून काढा. स्कॅनर मिळाला तर स्पष्टता ३०० डीपीआय ठेवली तरी पुरे. समासात सरांनी काढलेल्या खुणाही फोटोत आल्या पाहिजेत, पान कापून घेऊ नका. फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा. मूळ वह्या सुती कापडात गुंडाळून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवा आणि पावसाळ्यात पुड्या बदला.

फलकावर वेळा जरूर लावा, पण प्रत्येक वेळेपुढे ‘हातघड्याळ’ असं लिहा. हातानं घेतलेली वेळ पुढच्या दशांशाला नेतात, म्हणजे १२.४१ ची १२.५ होते. इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करायची तर १०० आणि २०० मीटरला ०.२४ आणि ४०० मीटरला ०.१४ सेकंद मिळवण्याची रीत आहे. शिवाय घड्याळ पिस्तुलाचा धूर पाहून सुरू केलं की आवाज ऐकून, हेही महत्त्वाचं आहे. १०० मीटरवर आवाज पोचायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात, त्यामुळे आवाजावर घेतलेली वेळ खोटी चांगली दिसते. यात सरांना कमीपणा येत नाही. त्यांनी एकाच घड्याळानं एकाच मुलीची वर्षभराची प्रगती टिपली असेल, तर ती प्रगती खरीच आहे.

मुलांची वजनं, आजार, मुलींच्या पाळीच्या नोंदी असलेली पानं मात्र फलकावर किंवा स्मरणिकेत छापू नका. ती त्या त्या व्यक्तीला परत द्या.

प्रश्न : स्मरणिकेसाठी आलेले सगळे लेख सारखेच वाटतात : ‘शिस्तप्रिय’, ‘प्रेमळ’, ‘दीपस्तंभ’. काय करावं? (संपादन समिती, तासगाव)

लिहिणाऱ्यांना विशेषणं न मागता प्रश्न पाठवा. सर मैदानावर किती वाजता यायचे? पडलेल्या मुलाला पहिला शब्द काय बोलायचे? कुणाच्या एसटीच्या पासाचे पैसे कुणी भरले? मुलीला स्पर्धेला पाठवायला नकार देणाऱ्या आईवडिलांना त्यांनी काय सांगितलं?

तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी बँटमवेट फ्रीस्टाइलचं कांस्यपदक जिंकलं. त्या हेलसिंकीच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खर्डेकर शिष्यवत्सल होते, एवढंच कुणी लिहून ठेवलं असतं तर आज ते कुणाच्या लक्षात राहिलं असतं? घर आणि रक्कम लिहिली गेली म्हणून माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

प्रश्न : ऐन हंगामात आमचे प्रशिक्षक गेले. मोठी मुलं सरांच्या वहीतला सराव बघून लहान मुलांना पळवतात, अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावरही नेतात. माझी मुलगी १४ वर्षांची आहे, ८०० मीटर पळते. हे बरोबर आहे का? (पालक, सातारा)

मुलांचा जीव सरांत किती गुंतला होता ते यातून दिसतं, त्यांना रागावू नका. पण हे असंच चालू देऊ नका. वहीत ‘८ × २००’, म्हणजे २०० मीटर आठ वेळा, एवढंच लिहिलेलं असतं. पाचव्या फेरीला मुलीचे खांदे वर गेले, पाऊल आपटायला लागलं, म्हणून सरांनी तिथेच थांबवलं, हे वहीत नसतं. शिवाय ते पान १९ वर्षांच्या मुलासाठी लिहिलेलं असू शकतं.

पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यांचाच सराव दोन तृतीयांशावर आणा. दुःखात झोप मोडते आणि झोप मोडली की शरीर भरून येत नाही. आठवड्यात जोराचे दिवस दोनच, मध्ये किमान एक हलका दिवस, एक दिवस पूर्ण सुट्टी. मुलीसाठी एका दिवशी २०० मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येकीनंतर दोन मिनिटं चालणं, एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी साठ-सत्तर मीटरचा चढ सहा वेळा. चढ पळायचा, उतार मात्र चालत यायचा. डांबरी उतारावर पळत येण्यानं नडगी दुखू शकते.

नडगी दुखली तर बोटानं दाबून बघा. वीतभर पट्टा दुखत असेल तर पळणं निम्म्यावर आणा. एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, जोरात कळ आली तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा, हाडाला बारीक चीर असू शकते. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखत असेल तर ते वाढीच्या वयातलं दुखणं असतं, तेव्हा उड्या आणि चढ थांबवा. पाळी सुरू झालेल्या मुलीला सलग तीन महिने पाळी आली नाही, तरी डॉक्टरांना दाखवा. त्यात अनेकदा खाणं कमी पडत असतं.

मैदानावर एक मोठं माणूस रोज हवं, मुली असतील तर एक बाईही. नवीन प्रशिक्षकासाठी शाहू क्रीडा संकुलात जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना भेटा आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतलेलं कुणी जवळपास आहे का ते विचारा. आणि ‘सरांसाठी मेडल आण’ असं मुलीला म्हणू नका. हरली तर तिला वाटेल, सरांचंही देणं राहिलं.

प्रश्न : एक लाख रुपये जमलेत. दरवर्षी बक्षीस द्यायचं आहे. ट्रस्ट काढावा का? (मिरज)

एवढ्या रकमेला नको. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी केली की दरवर्षीचे हिशोब आणि विश्वस्त बदलले की बदल अर्ज मागे लागतात. रक्कम शाळेच्या संस्थेला लेखी अटीसह मुदत ठेव म्हणून द्या. कुणा एकाच्या खात्यावर ठेवू नका, पुढे वारसांचा प्रश्न येतो. सात टक्के व्याज मिळालं तर वर्षाला ७,००० येतील. त्यातले २,००० पुन्हा ठेवीत टाका, नाहीतर दहा वर्षांनी बक्षिसाची किंमत उरणार नाही.

उरलेल्या ५,००० ची ढाल आणू नका, बूट द्या. पाऊल संध्याकाळी, उभं राहून मोजा, कारण दिवसभरात ते थोडं सुजतं. वाढत्या मुलाला पायाच्या अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा ठेवा, त्याहून मोठा बूट वळणावर पायात फिरतो. स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, घ्यायचे तर खिळे काढता-घालता येणारे घ्या. सिंथेटिक पट्टीवर ९ मिलिमीटरहून लांब खिळा चालत नाही, आणि स्पर्धेच्या सकाळी बदलायला पाना सोबत लागतो.