शाळेची शेती: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शाळेला लागून दोन गुंठे जागा आहे. आठवी-नववीला शेतीचा तास ३५ मिनिटांचा. मुले जातात, थोडे खुरपतात, परत येतात. शिकत काहीच नाहीत. काय बदलावे?
– माध्यमिक शिक्षक, पारनेर तालुका

उत्तर : सर, आधी वेळापत्रक बदला. ३५ मिनिटे अवजारे काढण्यात आणि हातपाय धुण्यातच जातात. दोन तास जोडून घ्या. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यातून आलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान’ विषयात आठवड्याचा एक दिवसच कामासाठी राखतात. तेवढे जमले तर फारच उत्तम.

दुसरे म्हणजे सगळ्या वर्गाचे मिळून एकच शेत ठेवू नका. त्यात चार मुले राबतात आणि बाकीची बघत उभी राहतात. ३ मीटर × १ मीटरचे वाफे पाडा, मध्ये दीड फुटाची वाट सोडा. दोन गुंठ्यांत तीसेक वाफे बसतात. एका वाफ्याला दोघे-तिघे आणि त्यांची एक वही. पेरल्याची तारीख, बियाण्याचे वजन, उगवण, पाणी, खर्च आणि आलेला माल त्या वहीत नोंदवायचा. गुण या नोंदींना द्या. पीक फसले पण कारण नीट लिहिले, तरी पूर्ण गुण द्यायला हवेत.

पीक निवडताना सुट्ट्यांची यादी समोर ठेवा. भेंडी ४५-५० दिवसांत सुरू होते, पण एक दिवसाआड तोडावी लागते. गणपतीच्या सुट्टीत ती जून होऊन वाया जाते. दिवाळीनंतर शाळा उघडताच मेथी पेरली, तर २५-३० दिवसांत काढणीला येते आणि मध्ये मोठी सुट्टी नसते.

एकच प्रात्यक्षिक निवडायचे झाले, तर आम्ही उगवण चाचणी निवडू. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे न निवडता घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचे. सातव्या दिवशी निरोगी कोंब मोजायचे. ७० उगवले, तर एकरी ३० किलोची नेहमीची शिफारस पुरते. ६० च उगवले, तर ३० × ७० ÷ ६० म्हणजे ३५ किलो लागेल. हे गणित मूल घरी सांगते तेव्हा दुबार पेरणीचे एक कारण तरी टळते. चाचणी एप्रिलमध्येच घ्या; जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत घरी बियाण्याचा निर्णय झालेला असतो.

प्रश्न : गादीवाफ्यावरची टोमॅटोची रोपे बुडाशी काळी पडून कोलमडतात. औषध कोणते?
– विज्ञान शिक्षिका, सिन्नर

उत्तर : औषधाच्या आधी पाणी आणि दाटी बघा, बाई. प्रत्येक मुलाला झारी हवी असते, म्हणून वाफ्याला दिवसातून चार वेळा पाणी मिळते. ओलीत बुरशी वाढते. पाणी फक्त सकाळी, तेही पाळीने. वाफा १५ सेंटिमीटर उंच हवा, बी फेकून न पेरता १० सेंटिमीटरवर ओळी काढून पेरा. पेरणीआधी किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा.

प्रश्न : शहरातल्या शाळेला जमीनच नाही. मग काय शिकवणार?
– पालक, पुणे

उत्तर : कलम बांधणे. आवारातल्या डाळिंबावर पावसाळ्यात गुटी कलम, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळ्या फोडणे, उत्तम जमते. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढा. खालचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून टाका. बहुतेक कलमे इथेच फसतात, कारण तो थर राहिला की साल पुन्हा जुळते आणि मुळ्या फुटतच नाहीत. मग ओले करून पिळलेले शेवाळ मूठभर लावून प्लास्टिकने गुंडाळा, दोन्ही टोके सुतळीने घट्ट आवळा. सैल राहिले तर पाणी शिरून शेवाळ सडते. साधारण दीड महिन्यात प्लास्टिकमधून मुळ्या दिसतात. त्या तपकिरी होऊ लागल्या की फांदी कापून पिशवीत लावा आणि सावलीत ठेवा.

प्रश्न : मुलांना फवारणी शिकवावी का?
– मुख्याध्यापक, कळंब

उत्तर : रासायनिक कीटकनाशकाची मुळीच नको, मास्क लावूनही नको. डब्यावरचा, विष किती तीव्र ते सांगणारा रंगीत त्रिकोण आणि फवारणी ते काढणी यांतले दिवस वाचायला मात्र जरूर शिकवा. फवारायचे असेल, तर ५ टक्के निंबोळी अर्क: ५०० ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून गाळायचा, २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण १० लिटर करायचे. त्याच दिवशी, उन्हे उतरल्यावर फवारा. कडक उन्हात त्याचा प्रभाव लवकर जातो.