बांधावरच्या झाडांमुळे पीक कमी येतं का?

येतं, पण कुठलं झाड आणि कुठल्या बाजूला, त्यावर सगळं आहे. बाभळीखालच्या दोन-तीन ओळी ज्वारी खुजीच राहते, हे आमच्या बांधावर दरवर्षी दिसतं. निलगिरी तर लहान शेतात लावूच नका, पाणी ओढते.

पण हिशेब फक्त क्विंटलमध्ये करू नका. हरभऱ्यात घाटेअळी आली की कोतवाल आणि साळुंक्या हे पक्षी त्याच बाभळीवरून अळ्या टिपायला खाली उतरतात. दुष्काळात शेंगा शेळ्यांना होतात. गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला भाताच्या चिखलणीत गाडला की नत्र मिळतं, युरियाची एखादी गोणी वाचते. शेवग्याची दोन झाडं म्हणजे भाजीची सोय.

आफ्रिकेतल्या नायजरमध्ये १९८० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी शेतातले जुने खुंट न उपटता त्यांचे फुटवे राखले. सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली. तिथली गाओ नावाची बाभूळवर्गी जात तर ऐन पावसाळ्यात पानं गाळते, त्यामुळे बाजरीवर सावलीच पडत नाही. आपल्याकडे असं शहाणं झाड नाही, म्हणून उन्हाळ्यात फांद्या छाटायच्या. आणि हो, सामाईक बांध असेल तर आधी शेजाऱ्याशी बोला!